एकेचाळीस सह्या

सकाळी साडेआठची वेळ. अंबाडीची जुडी सोडून पानं खुडत बसले होते, तेवढ्यात वैशालीचा फोन आला. "मॅडम, भाऊ गेले... पहाटे, झोपेतच." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बरं झालं बाई, सांगून झालं होतं." बोलून गेले आणि मीच चपापले. माणूस गेल्याची बातमी ऐकून कोणी 'बरं झालं' म्हणतं का? पण वैशालीनं वाईट वाटून घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हो मॅडम. मी बी तेच म्हनत होती." फोन ठेवला, भाजी तशीच टाकून आत गेले, देवासमोर बसले आणि मग रडले. पोटभर रडले. पण खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी जे वाटलं ते दुःख नव्हतं. जीव भांड्यात पडला होता. नऊ वर्षं मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट बारा दिवसांपूर्वी मी प्रल्हादभाऊंना सांगून आले होते. तेवढे बारा दिवस मी आणखी टाळाटाळ केली असती, तर पुढचं आयुष्य कसं काढलं असतं हे माझं मलाच ठाऊक. आज सव्वा महिना झाला. आता कुठे लिहायला बसले.

प्रल्हादभाऊ इंगळे हे नाव आमच्या यवतमाळ जिल्ह्याबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नाही. महागावला वीज कंपनीत लाइनमन होते. उंच, काटक, उन्हानं रापलेले. डाव्या हाताच्या दोन बोटांवर जुन्या चटक्याचे डाग. खांबावरून उतरले की उरलेला सगळा वेळ पोरांचा. आमचं किशोर सेवापथक मंडळ आहे. गावोगावी शाळकरी मुलामुलींची पथकं असतात. शिबिरं, गाठी मारणं, प्रथमोपचार, रानात चूल मांडून स्वयंपाक, असं सगळं त्यात येतं. पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसाला आम्ही पथकनायक म्हणतो. त्याला पगार नाही, मानधन नाही, वरून घरच्यांची बोलणी. भाऊंनी महागावचं पथक तीस वर्षांच्या वर चालवलं. अशा माणसांची कोणीतरी आठवण ठेवावी म्हणून मंडळानं कृतज्ञता पदक सुरू केलं. पंचवीस वर्षं सेवा झालेल्या नायकांना यवतमाळात समारंभ करून ते द्यायचं. आणि त्या पदकाची नियमावली करायचं काम कोणाकडे आलं, तर माझ्याकडे.

माझं सांगायचं तर सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई मी. मंडळाची मानद सचिव झाले ती नोकरीत असतानाच, आणि कचेरीतली सगळी खोड तिथं घेऊन गेले. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असं आमचे हे नेहमी म्हणतात, ते काही उगीच नाही. मी दोन नियम केले. पहिला असा, की मोठ्यांनी मोठ्यांची शिफारस करायचीच नाही. पथकातल्या आजी-माजी मुलांनीच अर्जाच्या मागच्या बाजूला सह्या करायच्या, कमीत कमी पंचवीस, आणि त्याही नायकाला अजिबात पत्ता लागू न देता. अर्ज गेला काय, आला काय, त्याच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. या गुपिताचं मला फार कौतुक होतं. मुलंही ते प्राणापलीकडे जपत. दुसरा नियम माझा खास कचेरीतला. नायकानं किमान दहा शिबिरांचं नेतृत्व केल्याचा लेखी पुरावा हवा. शिबिराच्या नोंदवहीत 'शिबिरप्रमुख' असा रकाना असतो, त्यात त्याचं नाव पाहिजे.

नऊ वर्षांपूर्वी महागावहून अर्ज आला. वैशालीनं पाठवलेला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, भाऊंच्याच पथकात वाढलेली आणि त्यांच्याच हाताखाली मदतीला. पुढे ती नर्स झाली, आता पुसदला असते. अर्जाच्या मागे एकेचाळीस सह्या होत्या. काही वळणदार, काही कोंबडीच्या पायांसारख्या. सोबत गोणपाटात बांधलेल्या नोंदवह्या. मी चष्मा पुसून एकेक वही उघडली. शिबिरप्रमुख: कुमारी अमुक, इयत्ता आठवी. पुढच्या वर्षी शिबिरप्रमुख: कुमार तमुक, इयत्ता सातवी. सगळ्या वह्या अशाच. भाऊंचं नाव कुठे होतं? 'पाणी व सरपण' या रकान्यात. दरवर्षी, न चुकता, पाणी व सरपण: प्र. इंगळे. मी म्हटलं, वा रे नायक. पोरांच्या जिवावर शिबिरं करतो आणि पदक मागायला येतो. लाल पेन घेतला आणि अर्जावर शेरा मारला, 'प्रत्यक्ष नेतृत्वाचा पुरावा नाही.' मग महागावच्या पथकाला उत्तर धाडलं, 'आपला अर्ज अमान्य करण्यात येत आहे.' कारण लिहिलं नाही. लिहायची पद्धतच नव्हती. वैशालीनं दोनदा विचारलं, का अमान्य? दोन्ही वेळा मी उत्तर दिलं, समितीचा निर्णय अंतिम आहे. समिती काय आणि फिमिती काय, निर्णय एकट्या माझा होता. एकदा जाऊन शिबिर बघावं हे काही डोक्यात आलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की माणसाला उतरायचा कंटाळा येतो.

त्या वर्षीच्या समारंभात ऐन वेळी माईक बंद पडला. सभागृह भरलेलं, पाहुणे व्यासपीठावर, आणि मी इकडून तिकडे धावतेय. मागच्या रांगेतून एक उंच माणूस उठला, भिंतीवरचा डबा उघडला, काहीतरी जोडलं आणि माईक सुरू झाला. मी आभार मानायला गेले. नाव विचारलं. "इंगळे," ते म्हणाले, "महागाव." अर्जाचं त्यांना काही माहीत नसणार, नियमच तसा, अशी मी मनाची समजूत घातली. दोन मुलांना घेऊन ते एस.टी.नं आले होते. पदकं देताना मी मुद्दाम मागे पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते, मनापासून.

मग दोन वर्षांनी मंडळानं मला शिबिर-पाहणीला पाठवलं. पैनगंगेच्या काठी महागावच्या पथकाचं शिबिर होतं. जीपमधून उतरले तर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आडवी आली. म्हणाली, येणाऱ्यानं आधी नाव सांगायचं, वहीत लिहायचं, मगच आत. मी कोण आहे ते ठसक्यात सांगितलं. तिनं शांतपणे वही पुढे केली. सही करून आत गेले तर भाऊ मोहाच्या झाडाखाली लाकडं फोडत बसलेले. तिकडे मुलांनी खिचडी चढवली होती आणि ती खालून लागत होती, वास येत होता. मला राहवेना. मी म्हटलं, अहो भाऊ, सांगा ना त्यांना. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "लागू द्या," म्हणाले. "उद्या नाई लागनार." मी तिथं दिवसभर होते. तंबू कुठे ठोकायचा, नदीत कोणी उतरायचं, रुसलेल्या पोराला कोणी समजवायचं, सगळं ती मुलगी ठरवत होती. भाऊ हंडे भरत होते. पण नदीत पोरं उतरली की हंडा बाजूला ठेवून काठावर उभे राहायचे, सगळी बाहेर येईपर्यंत नजर पाण्यावर. कोणाला कळू न देता. दुपारी करपलेली खिचडी त्यांनी सगळ्यांच्या आधी वाढून घेतली आणि दोनदा मागून खाल्ली. मी घास तोंडात घेतला आणि मला माझा लाल शेरा आठवला.

त्याच दिवशी सांगायचं होतं. निघताना दोनदा तोंड उघडलं. पण ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं झालं. इकडचं तिकडचं बोलले, शिबिराची तारीफ केली, जीपमध्ये बसले आणि आले. पुढचा अर्ज तरी मागवून घ्यायचा होता, तोही घेतला नाही. कारण अर्ज मान्य करायचा तर माझा नियम बदलावा लागणार, नियम बदलायचा तर का बदलते ते सांगावं लागणार, आणि सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून घ्यायचं. मधली दोन वर्षं रोगराईत गेली, समारंभच बंद होते. मला बरंच झालं. आणि मनाला समजवायला एक छान वाक्य सापडलं होतं. अशी माणसं पदकासाठी थोडीच काम करतात! हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आणि इतक्यांना ऐकवलं, की मला ते खरंच वाटायला लागलं. भाऊंना कशाचं पदक आणि कशाचं काय, असं म्हणून आम्ही सगळे निवांत होतो.

गेल्या दिवाळीनंतर वैशालीचा फोन आला. भाऊंच्या फुफ्फुसांचा आजार बळावला होता. नागपूरला दाखवून आणलं, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्या रात्री काही मला झोप आली नाही, आणि सकाळी उठून मी वैशालीला सगळं सांगून टाकलं. शेरा माझा, नियम माझा, कारण न कळवण्याची पद्धतही माझी. ती म्हणाली, "मॅडम, पदक द्या. पन हे भाऊले तुमीच सांगा. म्या सांगनार नाई." पोरगी बरोबर बोलली होती. माझ्यापुढे आता दोनच कामं उरली होती. भाऊंचा श्वास चालू आहे तोवर पदक मंजूर करून घेणं आणि त्यांच्यासमोर बसून माझी चूक कबूल करणं. पहिलं अवघड वाटत होतं, दुसरं अशक्य.

नियम राहू द्यावा आणि पुरावाच नवा मिळवावा, अशी पळवाट मी आधी काढली. पीळ म्हणतात तो हा. वह्यांमध्ये ज्यांची नावं शिबिरप्रमुख म्हणून होती त्यांना शोधून वैशालीनं निरोप धाडले. एक साधा कागद लिहून पाठवा, प्रत्यक्ष नेतृत्व भाऊंचं होतं म्हणून. कोणी राजूरच्या कोळसा खाणीत, कोणी पुण्यात, कोणी शाळेत मास्तर, कोणी शेतीत. आठवड्याभरात तीसेक कागद आले. मी उघडून वाचायला लागले आणि डोक्याला हात लावला. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, शिबिराची प्रमुख मीच होते, सर्व निर्णय माझे होते, भाऊ पाणी भरत होते. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर तेच. एका पठ्ठ्यानं तर वरून कबुली दिली होती की, रात्री वाऱ्यानं तंबू पडला ती चूकही माझीच, मेख मीच ढिली ठोकली होती, भाऊंचा त्यात दोष नाही. तीस कागद, आणि भाऊंनी नेतृत्व केलं असं एकही लिहायला तयार नाही! खोटं लिहायचं नाही हे त्यांना शिकवलेलं कोणी? भाऊंनीच. मी एकटीच खुर्चीत बसून हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

ते सगळे कागद मी समितीपुढे ठेवले. आमचे अध्यक्ष म्हणजे ऐंशी वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चारपाच वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, हे तर तुमच्या शेऱ्याच्याच बाजूचे पुरावे निघाले. सगळे हसले. मी नाही हसले. उभी राहिले आणि म्हणाले, नियम चुकला आहे आणि तो मी केला आहे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. अध्यक्षांनी काही भाषण केलं नाही, नियमावली मागितली, दुसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली आणि सही केली. पदक घरी जाऊन द्यायचं ठरलं. समारंभापर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता.

महागावला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या खोलीत खिडकीजवळ खाट होती, नाकात नळी, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी ज्यांना काठावर उभं पाहिलं होतं ते हे नव्हेतच, असं क्षणभर वाटलं. आम्ही आदल्या दिवशी कळवलं होतं, तर त्यांनी इंदूवहिनींकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून, पथकाचा निळा सदरा इस्त्री करून घेतला होता. तो अंगावर लोंबत होता. अध्यक्ष दोन शब्द बोलले आणि पदक लावायला त्यांनी वैशालीला पुढे केलं. आता भाऊ म्हणतील, कायले एवढं, म्या काय केलं, अशी माझी खात्री होती. पण तसं काही झालं नाही. ते पदकाकडे टक लावून बघत राहिले. मग आरसा मागितला. आरशात पाहून सदरा सरळ केला, पुन्हा पाहिलं. शेजारच्या आजी दारातून डोकावत होत्या, त्यांना आत बोलावून दाखवलं. दूधवाल्याला थांबवलं. वहिनी लटक्या रागानं म्हणाल्या, पुरे करा आता, दृष्ट लागन. पण ते काही थांबेनात. एखाद्या पोराला पहिलं बक्षीस मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. आणि मी कोपऱ्यात उभी राहून ते बघत होते. अशी माणसं पदकासाठी थोडीच काम करतात, म्हणे! त्यांना ते हवं होतं. नऊ वर्षांपूर्वीही हवंच असणार. ज्या वाक्याच्या आडोशाला मी लपले होते, तो आडोसा तिथं त्या खोलीत उडून गेला.

मंडळी अंगणात चहाला गेली. वैशालीनं जाता जाता माझ्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मी खाटेजवळ स्टुलावर बसले. घरून वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. सरळ म्हटलं, भाऊ, नऊ वर्षांपूर्वी तुमचा अर्ज आला होता, तो मी नाकारला. वह्यांमध्ये तुमचं नाव नव्हतं म्हणून. शेरा मी मारला. तुम्हाला ठाऊक नसेल, पण...

ते हळू आवाजात म्हणाले, "ठाऊक हाय."

ते श्वास घेत घेत बोलत होते, मधे थांबत होते. "पथकाचा पत्ता माह्याच घरचा न, मॅडम. पाकीट इथंच आलतं. मले वाटलं परिपत्रक हाय, म्हनून फोडलं. अमान्य लिवलं होतं. मंग डिंक लावून चिकटवलं आन वैशालीले देलं. ती बिचारी अजून समजते का मले मालूमच नाई." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "पन तुमी काय म्हनता? वह्यायसाठी नाकारला? मंग... सह्या होत्या?"

"होत्या ना भाऊ. एकेचाळीस होत्या."

ते उठून बसायची धडपड करू लागले. मी उशी मागे लावली. तेव्हा मला कळलं, नऊ वर्षं या माणसानं काय उराशी धरलं होतं ते. त्या काळात आमच्याकडून दोन गावांचे अर्ज परत गेले होते, दोन्ही सह्या कमी पडल्या म्हणून, आणि आम्ही कारण कळवलं नसलं तरी ही गोष्ट तोंडोतोंडी सगळ्या पथकांना कळली होती. भाऊंनी तेच गृहीत धरलं. एवढी पोरं हाताखालून गेली, त्यांतल्या पंचवीस जणांनाही आपल्यासाठी सही करावीशी वाटली नाही. आणि गुपिताचा नियम असा, की ते पोरांना विचारू शकत नव्हते आणि पोरं त्यांना सांगू शकत नव्हती. "पोट्ट्यायच्या तोंडाकडे पाहो मी," ते म्हणाले. "यानं नसन केली. हिनं बी नसन केली. आपलं काय चुकलं, सांगा बरं? लई लागलं होतं तवा, मॅडम. इंदूले बी नाई सांगतलं."

मी विचारलं, मग पथक का नाही सोडलं? त्यांना प्रश्नच समजला नाही जणू. "त्यायचा काय गुन्हा? नसन वाटलं त्यायले. जबरदस्ती थोडी हाय."

मी गेले होते माझं मन हलकं करायला. त्यांच्या मनावर माझ्याहून कितीतरी जड काही ठेवून मी नऊ वर्षं यवतमाळात सुखानं जेवत होते, हे तिथं कळलं. माफ करा, असं मी म्हणाले. त्यांनी 'असू द्या' म्हटलं नाही, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. एवढंच म्हणाले, "एक ओळ लिवाची होती, मॅडम. एकच ओळ."

पर्समध्ये मूळ अर्ज होता. कशासाठी आणला होता ते मलाही सांगता येणार नाही, माझ्या चुकीचा पुरावा म्हणून असेल. तो काढून त्यांच्या हातात दिला, लाल शेऱ्यासकट. शेऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कागद उलटा केला. "इंदू, माहा चष्मा आन वो," त्यांनी हाक मारली. वहिनी चष्मा घेऊन आल्या आणि ते एकेका सहीवर बोट ठेवत वाचू लागले. नाव वाचायचे, थांबायचे, पुढचं वाचायचे. एका सहीवर बोट बराच वेळ थांबलं. म्हणाले, "हे पोट्टं तं माह्याशी भांडून गेलतं. यानं बी केली?" आणि तोंडावर पदर घ्यावा तसा तो कागद तोंडावर धरून ते रडू लागले. वहिनी घाबरल्या. मी म्हटलं, रडू द्या वहिनी, आज रडायला हरकत नाही. निघताना अर्ज परत मागितला नाही. दारातून वळून पाहिलं तर ते पुन्हा पहिल्या नावापासून सुरू झाले होते.

तेरवीला गेले तेव्हा पुढचं वहिनींनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी वैशालीकडून सगळ्यांचे फोन नंबर मिळवले आणि अर्जावर प्रत्येक सहीसमोर लिहून घेतले. मग यादीप्रमाणे फोन लावायला सुरुवात केली. दिवसाला दोन, कधी तीन, श्वास पुरेल तसे. पहिला प्रश्न एकच, "तू सही केलती का रे माह्या अर्जावर?" तिकडून हो आलं की "बरं," आणि मग पिकापाण्याच्या, लेकराबाळांच्या गप्पा. ज्याला फोन झाला त्याच्या नावापुढे पेन्सिलीची खूण. फोन लावला की पदक सदऱ्याला लावून घ्यायचे. वहिनी म्हणायच्या, फोनमधून दिसते का ते? तर म्हणायचे, मले दिसते न. पोरापोरांत ही बातमी पसरली होती. शेवटी-शेवटी सह्या केलेले वैशालीला विचारू लागले होते, आपला नंबर कधी येईल म्हणून. ज्या दिवशी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सत्तावीस झाले होते.

मी वहिनींना म्हटलं, अर्ज मंडळाच्या फायलीला लागेल... सवय कुठे जाते? त्यांनी अर्ज आणला, पण तो माझ्या हातात देताना भाऊंचा मोबाइलही ठेवला. म्हणाल्या, "चौदा बाकी हायेत. ते तुमी लावा, मॅडम. फायलीचं मंग पाहू."

दुपार होती. बायका मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. मी त्याच खिडकीजवळ बसले आणि अठ्ठाविसावा नंबर लावला. राजूरच्या खाणीतला तो मुलगा, मुलगा कसला, आता चाळिशीचा बाप्या. भाऊ गेल्याचं त्याला तेरा दिवसांपासून माहीत होतं. अंत्ययात्रेला खांदा द्यायला आला होता तो. फोन उचलला गेला. त्याच्याकडे पडद्यावर भाऊंचंच नाव आलं असणार. मी काय बोलावं ते जुळवत होते, तोवर पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"हो भाऊ," तो म्हणाला. "केलती म्या सही."

मी त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण केली आणि पुढचा नंबर लावला.